साथीचे निर्बंध आणि व्यापाऱ्याचा काटा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस चार पाने लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आमचे मन कचरले. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चाळीसहून अधिक वर्षे दाल बाजारातील गादीवर बसून गहू, हरभरा, तूर व मसूर यांचे नमुने तळहातावर घेऊन पारखले, तीच आमची विद्या. विद्वानांच्या पंक्तीस बसण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि एक विषय गेली काही वर्षे आमच्या मनात सारखा घोळत आहे. तो केवळ पंडितांचा नसून तुम्हाआम्हां सर्वांच्या घरादारांतून गेलेला आहे. म्हणून धीर करून लेखणी हाती घेतली. उणेअधिक वाचकांनी पदरात घ्यावे.

विषय आहे महामारीतील निर्बंधांचा. सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत सरकारने जे नियम केले ते लोकांनी कोणत्या वृत्तीने पाळले अथवा मोडले, आणि त्या सर्वांत ज्याची त्याची म्हणून जी जबाबदारी होती ती कोठवर पार पडली, याचा थोडा हिशेब मांडावा असा आमचा विचार आहे. व्यापारी मनुष्य वर्षअखेर वही बंद करतो, ती जमा व नावे जुळल्यावाचून करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, दुकाने पूर्ववत् चालू झाली आणि आपण सर्वांनी ती वही तशीच मिटून फळीवर ठेवली. हिशेब मात्र झाला नाही.

काट्यावरचा शिक्का

आपल्या धंद्यातील एक रोजची गोष्ट प्रथम सांगतो. प्रत्येक दुकानातील काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. निरीक्षक येणार अशी कुणकुण लागली की सारा बाजार तोळामासा सांभाळून तोलू लागतो. तो दिवस धर्मराजाचा! प्रश्न उरतो तो बाकीच्या दिवसांचा. शिक्का काट्यावर बसतो, तोलणाऱ्याच्या हातावर बसत नाही. ज्याचा हात खरा त्याला निरीक्षक आला काय आणि न आला काय, सारखेच.

महामारीत आम्ही जे पाहिले ते याहून निराळे नव्हते. सकाळी नाक्यावर शिपाई उभा दिसला की हनुवटीवरची मुखपट्टी नाकावर चढे, आणि वळण ओलांडताच पुन्हा खाली उतरे. जणू रोगाचे जंतू शिपायाच्या शिट्टीवर चालतात! दंडाची पावती फाटली की मनुष्य कुरकुरे, ‘‘आज ग्रह वाईट होते.’’ आपल्या खोकल्याने शेजारच्या गादीवरील वृद्धाचे ग्रह वाईट होतील, हे त्याच्या मनात येत नसे. हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

मांडवीची गोदामे आणि पुण्याचा प्लेग

असे प्रसंग आपल्या लोकांवर प्रथमच आले असे नव्हे. सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईत प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखला, तो मांडवी भागात. मांडवी म्हणजे बंदरालगतची धान्याची गोदामे. धान्य तेथे उंदीर, आणि उंदरांच्या अंगावरील पिसवांतून प्लेग मनुष्यास होतो. परंतु ही गोष्ट फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत शोधून काढली ती १८९८ साली. तोवर लोक घरांच्या भिंती धूत राहिले, आणि धान्याच्या गोण्यांबरोबर उंदीर गावोगाव हिंडत राहिले. आपल्या जातीच्या धंद्याने नकळत किती घरे ओस पाडली, हा विचार धान्याच्या व्यापाऱ्यास अंतर्मुख करणारा आहे.

त्या साथीला आळा घालण्यासाठी इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु सव्वाशे वर्षांनी २०२० साली आपल्या राज्याराज्यांत जे निर्बंध लागू झाले त्यांना आधार म्हणून हाच कायदा बाहेर काढण्यात आला. त्याच्या जोडीस २००५ चा आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा होता.

पुण्यात या अधिकाराचा वापर कसा झाला हे महाराष्ट्रातील जुनी पिढी विसरलेली नाही. वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघर शिरले. देवघर, माजघर, स्वयंपाकघर यांचा विधिनिषेध राहिला नाही. स्त्रियांची तपासणी परपुरुषांदेखत झाली आणि गोरगरिबांचे सामान रस्त्यावर जाळले गेले. लोक रोगापेक्षा तपासणीस अधिक भिऊ लागले. रोगी माळ्यावर लपवावा, प्रेत गुपचूप न्यावे, असा प्रकार सुरू झाला. अखेर २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. नियमामागचा हेतू रोग रोखण्याचा असला, तरी नियम राबविणाऱ्याच्या मनात माणसांविषयी आदर नसेल तर तो नियमच रोग लपविण्यास शिकवितो, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

परंतु त्याच पुण्यात त्याच वर्षी दुसराही एक प्रवाह वाहत होता. लोकमान्य टिळकांनी केसरीतून सरकारच्या जुलमावर टीका केली, पण ते शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी पुढाकार घेऊन हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उघडले. हडपसरच्या बाजूस सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांची शुश्रूषा चालविली होती. एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःस रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा देह पडला. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली लस इतरांना देण्यापूर्वी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. या तिघांपैकी कोणासही असे करण्याचा हुकूम नव्हता. जुलमी निर्बंधास विरोध करणे आणि आपली जबाबदारी उचलणे ही दोन कामे एकच मनुष्य करू शकतो, हे टिळकांनी दाखविले. आपल्याकडे बहुतेकांनी पहिल्याच कामात समाधान मानले!

आमच्या ग्वाल्हेरात

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी झाली. दिवसभर रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सायंकाळी पाच वाजता वैद्यक सेवकांच्या सन्मानार्थ घराच्या दारात उभे राहून टाळ्या वाजवावयाच्या होत्या. आमच्या राज्यातील इंदूर शहरी राजवाड्यासमोर लोकांनी मिरवणुकीसारखी गर्दी केली. दिवसभराच्या संयमाचे पारणे असे फिटले! त्याच इंदुरात १ एप्रिल रोजी टाटपट्टी बाखल भागात तपासणीस गेलेल्या वैद्यकीय पथकावर दगडफेक झाली. काही ठिकाणी उत्सव, काही ठिकाणी दगड. दोहोंच्या मुळाशी एकच अज्ञान होते. अशा हल्ल्यांमुळे २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारला त्या १८९७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढावा लागला.

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. दौलतराव शिंद्यांच्या छावणीपासून वसलेल्या या लष्कर शहरात महाराज बाडा इतका निर्मनुष्य आमच्या आयुष्यात आम्ही कधी पाहिला नव्हता. धान्याचा व्यवहार अत्यावश्यक म्हणून ठरावीक वेळ चालू राहिला. आमची रीत अशी की अडत्याच्या दुकानी नमुन्याची परात मांडावी, दहा गिऱ्हाइकांनी त्यात हात घालावा, दाणा दाताखाली फोडून पाहावा आणि मग भाव बोलावा. ती पिढ्यांची सवय एका आठवड्यात मोडावी लागली. पुड्यांतून नमुने दिले गेले, चुन्याने गोल आखले गेले, भाव दूरध्वनीवर ठरू लागले. व्यापार बुडाला नाही. इतकेच नव्हे, तर त्याच हंगामात शेतकऱ्यांना निरोप पाठवून ठरल्या दिवशी थोडेथोडे बोलावण्याची पद्धत घातल्याने मध्य प्रदेशात सुमारे १२९ लाख टन गव्हाची सरकारी खरेदी झाली आणि आपल्या राज्याने पंजाबलाही मागे टाकले. शिस्त आणि व्यापार यांचे वैर आहे असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुढे जुलै महिन्यात ‘किल कोरोना’ मोहीम आली. आमच्या जिल्हाधिकाऱ्यांनी असा आदेश काढला की, जो मुखपट्टीवाचून सापडेल त्याने दंडाखेरीज तीन दिवस रुग्णालयात अथवा पोलिसांच्या नाक्यावर स्वयंसेवक म्हणून काम करावे. डिसेंबर २०२० मध्ये तर आणखी एक मौज झाली. ज्या कॅप्टन रूपसिंह क्रीडांगणावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरांनी एकदिवसीय सामन्यात दोनशे धावा काढल्या, तेथेच खुला तुरुंग उघडण्यात आला आणि मुखपट्टी न लावणाऱ्या सद्गृहस्थांना बसवून त्यांच्याकडून कोरोनावर निबंध लिहून घेण्यात आला. देशभरच्या वृत्तपत्रांनी ही वार्ता छापली. बाजारात लोक पोट धरून हसले. ‘‘शाळेत निबंध चुकविला, तो आता लिहावा लागला!’’ असे एकमेकांस म्हणाले.

आम्हीही हसलो. परंतु रात्री विचार केला तेव्हा वाटले की या शिक्षेत एक शहाणपण होते. दंडाचे शंभर रुपये गल्ल्यातून काढून देणे आपल्यास सोपे जाते. त्याने मनुष्य विचार करीत नाही, फक्त हिशेब करतो. रुग्णालयाच्या दारात तीन दिवस उभे राहिल्यावर किंवा ‘मी मुखपट्टी का लावावी’ हे स्वतःच्या हाताने कागदावर लिहिल्यावर निदान क्षणभर तरी तो प्रश्न त्याच्या स्वतःच्या दारी येतो. अडचण एवढीच की ज्याला बळेच लिहावयास लावले, तो कागद सरकारच्या हाती देऊन मोकळा होतो. खरा निबंध ज्याने त्याने आपल्या घरी बसून लिहावयाचा होता. आमचा तो निबंध लिहावयाचा राहून गेला होता, तोच आज येथे लिहीत आहो.

आमच्या वहीतील एक पान

पुढील हकीगत आम्ही आजवर जाहीरपणे सांगितलेली नाही. स्मरणिकेत तिला स्थान असावे की नसावे, याविषयी घरात वाद झाला. अखेर घरातील मंडळी म्हणाल्या, ‘‘दुसऱ्यास उपदेश करावयाचा असेल तर आधी आपले पान उघडा.’’ ते बोलणे पटले.

एप्रिल २०२१ चा पहिला पंधरवडा होता. नवा गहू बाजारात येत होता. एका संध्याकाळी आमचे अंग कसकसले व घसा कोरडा पडला. घरातून सूचना झाली, ‘‘उद्या घरी थांबा, तपासणी करून घ्या.’’ आम्ही म्हणालो, ‘‘धान्याच्या धुळीचा खोकला आहे. दर हंगामात होतो.’’ हे खोटे नव्हते. धान्याच्या व्यापाऱ्यास चैत्रात खोकला होतोच. परंतु ते पूर्ण खरेही नव्हते. आमच्या मनात वेगळेच गणित चालले होते. अहवाल वाईट आला तर दुकानावर चिठ्ठी लागेल, चौदा दिवस गादी बंद राहील, बांधलेला माल अडकेल आणि गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाईल.

दोन दिवस आम्ही गोळी घेऊन गादीवर बसलो. दूरध्वनीवर आवाज स्पष्ट जावा म्हणून मुखपट्टी खाली ओढीत होतो. आमचे मुनीमजी आमच्या उजव्या हातास बसत. दोघांमध्ये फक्त रोजकीर्दीची वही असे. बत्तीस वर्षे ते तेथे बसले होते. आमचे वडील गेले तेव्हा खांदा देणाऱ्यांत ते होते आणि आमच्या मुलांना पाढे त्यांनी शिकविले होते. तिसऱ्या दिवशी ताप वाढला, तपासणी झाली, दोन दिवसांनी अहवाल आला. जे नको होते तेच निघाले. बाजारात विचारणा झाली तेव्हा आमच्या घरून, ‘‘शेठजी बाहेरगावी गेले आहेत,’’ असे सांगण्यात आले. तसे सांगण्यास आम्हीच सुचविले होते.

मुनीमजींनाही ताप आला. त्या आठवड्यांत या देशात काय चालले होते ते वाचकांस सांगावयास नको. मे महिन्याच्या आरंभी एका दिवसात चार लाखांवर नवे रोगी नोंदले जात होते. प्राणवायूच्या टाक्यांसाठी लोक रात्रभर रांगेत उभे राहत. खाट मिळाली ती उशिरा. आमचा आजार सौम्य ठरला, त्यांचा ठरला नाही. त्यांच्या अंत्यविधीस घरचे चारच जण होते. आम्ही घरातील वरच्या खोलीत बंद होतो.

कोणाकडून कोणास लागण झाली हे कोणताही वैद्य सांगू शकणार नाही. आमचे आप्तमित्र हेच म्हणून आमचे समाधान करीत. पण आम्ही हिशेबाची माणसे आहो. रकमेचा धनी सापडत नसेल तर ती खोडून टाकीत नाहीत, उचंत खात्यावर ठेवतात. ही रक्कम आमच्या नावे तशी पडून होती.

पुढच्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. वहिनींना सर्व सांगितले. दोन दिवस ताप असता आम्ही दुकानी बसलो, हेही सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘शेठजी, त्यांनाही दोन दिवस आधीपासून कणकण होती. मी म्हटले, जाऊ नका. तर म्हणाले, खाडा पडला तर पगार कापला जाईल, आणि हंगामात शेठ एकटे पडतील.’’

वाचकहो, आमच्या दुकानात खाड्याचा दिवस पगारातून कापण्याची रीत होती. ती आमच्या वडिलांपासून चालत आली होती. तिच्यात काही गैर आहे असे आम्हांस त्या क्षणापर्यंत कधी वाटले नव्हते. आजारी मुनीम आजारी मालकाशेजारी येऊन बसला. एकाने माल अडकेल म्हणून ताप लपविला, दुसऱ्याने पगार कापला जाईल म्हणून. दोघांच्याही तोंडावर सरकारी नियमाप्रमाणे मुखपट्टी होती, आणि दोघांनाही ती खाली ओढावी लागत होती, कारण रकमा मोठ्याने वाचून घ्यावयाच्या होत्या!

भार सर्वांवर सारखा नव्हता

त्या दिवसापासून ‘वैयक्तिक जबाबदारी’ हा शब्द आम्ही सांभाळून वापरतो. तो शब्द सुखवस्तू माणसाच्या तोंडी फार सहज येतो. आमचे कोठार भरलेले होते, घरास वरची खोली होती, दार लावून बसण्यास आम्हांस काय झाले होते? पण पोती वाहणारा हमाल, काट्यावरचा तुलावटी, हातगाडीवाला यांचे पोट त्या दिवसाच्या मजुरीवर. एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथे अंतर कोणी कोणापासून ठेवावे? एप्रिल व मे २०२० मध्ये आमच्या ग्वाल्हेरवरून जाणाऱ्या आग्रा–मुंबई मार्गाने डोक्यावर बोचकी व कडेवर मुले घेऊन मजुरांचे तांडे चालत गेले, ते नियम मोडण्याच्या हौसेने नव्हे. शहरातील पुष्कळ मंडळांनी व आपल्या बांधवांनी त्यांना पुरी-भाजीची पाकिटे दिली. ते पुण्यकर्म खरेच. तथापि ज्यांच्या खांद्यावर आपला माल वर्षानुवर्षे चढला-उतरला, त्यांना घरी थांबता येईल अशी तजवीज आपण आधी केली असती तर ते अधिक झाले असते.

सरकारने एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ या काळात, मधले काही महिने सोडून, शिधापत्रिकेवरील माणशी दरमहा पाच किलो धान्य फुकट दिले. धान्याचा व्यापारी म्हणून आम्ही सांगतो, त्या पाच किलोंनी जेवढे लोक घरात राहिले तेवढे लाठीने राहिले नसते. पोटात अन्न असलेल्या माणसाकडूनच जबाबदारीची अपेक्षा करता येते.

वरून खाली आणि खालून वर

राज्यकर्त्यांच्या वर्तनाचाही या हिशेबात मोठा आकडा आहे. ३ नोव्हेंबर २०२० रोजी आमच्या राज्यात अठ्ठावीस जागांची पोटनिवडणूक झाली. तिच्या प्रचारसभांतील गर्दी पाहून उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने ऑक्टोबर महिन्यात सभांवर कडक मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर रोजी त्या आदेशास स्थगिती दिली. कायद्याची बाजू न्यायमूर्ती जाणोत. पण घरच्या लग्नात पन्नासच माणसे बोलवावीत असा नियम ज्याने सोसला होता, त्याने सभेतील हजारो डोकी पाहिली तेव्हा त्याच्या मनातील नियमाचे वजन उतरले. विलायतेतही हेच झाले. जून २०२० मध्ये टाळेबंदीचे नियम मोडून झालेल्या वाढदिवसाच्या मेळाव्याबद्दल तेथील पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये दंड भरावा लागला. उलट जपानात एप्रिल २०२० मध्ये आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा घराबाहेर पडणाऱ्यास शिक्षा करण्याची तरतूदच कायद्यात नव्हती. सरकारने विनंती केली आणि बहुसंख्य लोकांनी ती मानली. शेजाऱ्याची लाज शिपायाच्या काठीपेक्षा अधिक कामास आली.

आपल्या समाजाचाही एक प्रसंग नोंदण्याजोगा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पर्युषणाच्या काळात मुंबईतील मंदिरे बंद होती. एका श्वेतांबर न्यासाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २१ ऑगस्ट रोजी दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरे अखेरच्या दोन दिवसांसाठी उघडण्यास परवानगी मिळाली. जेथे पैशाचा संबंध येतो तेथे धोका पत्करला जातो आणि धर्माचे नाव निघाले की मात्र साथ आठवते, अशा आशयाचे उद्गार त्या वेळी न्यायासनावरून निघाले. त्या उद्गारांनी आपल्यापैकी अनेकांस आनंद झाला. आम्हांस त्यात टोचणीही जाणवली, कारण दुकान उघडावे म्हणून धडपडणारे आणि मंदिर बंद राहिले म्हणून फारसे न हळहळणारे आपणच होतो. न्यासाने ती परवानगी सर्व नियम पाळण्याची हमी देऊन मिळविली होती, हे विशेष. हक्क मागताना जबाबदारीचा कागद सोबत जोडला होता.

निर्बंधांना मर्यादा असावी, हेही तितकेच खरे. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कोणासही बळजबरीने लस टोचता येणार नाही, कारण स्वतःच्या देहावर मनुष्याचा अधिकार आहे. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी शासन योग्य प्रमाणात बंधने घालू शकते, हेही त्याच निर्णयात सांगितले. आमच्या अल्पमतीस यातील समतोल पटतो. आपला देह आपला आहे, पण आपला श्वास गादीवर बसलेल्या सर्वांचा आहे.

या संदर्भात आपल्या पूर्वाचार्यांची एक सूक्ष्म दृष्टी आठवते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना केवळ प्राण घेण्याचा उल्लेख नाही. त्याच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे असावधपणा, आहे असे सांगितले आहे. मारण्याची इच्छा नव्हती एवढे म्हणून मनुष्य सुटत नाही, तो सावध होता काय हे पाहिले जाते. आपले साधू चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात. स्थानकवासी मुनी शतकानुशतके मुखावर वस्त्र बांधत आले, ते कोणाच्या दंडाच्या भयाने नव्हे. ज्या समाजाला वायूतील अदृश्य जीवांची काळजी शिकविली गेली, त्या समाजातील आमच्यासारख्या मनुष्याने उजव्या हातास बसलेल्या माणसाची काळजी करू नये, याहून मोठी विसंगती कोणती?

पुढे काय?

सरकारी नोंदीप्रमाणे या महामारीत आपल्या देशातील पाच लाख तेहतीस हजारांहून अधिक माणसे गेली. नोंदीबाहेर किती गेली यावर वाद आहे आणि राहील. पुन्हा अशी साथ येईल तेव्हा वरून नियम येतीलच. काही शहाणे असतील, काही अर्धवट असतील, काहींना आपण विरोधही करू. पण काही गोष्टी कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता आपल्याला आजच करता येतील, आणि त्याच आपल्या मंडळापुढे नम्रपणे ठेवून आम्ही हा लेख पुरा करतो.

पहिली गोष्ट, आजारपणाच्या खाड्याचा पगार कोणाही मुनीम, हमाल, तुलावटी वा गड्याचा कापू नये. आमच्या दुकानात २०२२ च्या क्षमावाणीपासून ही रीत बंद केली आहे. वर्षाकाठी तिचा खर्च किती आला म्हणाल, तर एका तेजीमंदीच्या दिवसात आपण जेवढे गमावतो वा कमावतो त्याहून कमी. दुसरी गोष्ट, ज्याच्या अंगात ताप आहे त्याने गादीवर बसू नये, आणि मालकाने हे स्वतःपासून सुरू करावे, कारण मालक खोकत बसला तर नोकरास घरी राहण्याचे धैर्य होत नाही. तिसरी गोष्ट, आजार लपवू नये. ‘बाहेरगावी गेले’ असे सांगून आमची एक आठवड्याची अब्रू राहिली, पण त्या आठवड्यात ज्यांनी सावध व्हावयाचे ते झाले नाहीत. चौथी गोष्ट, मंडळाने एक लहानसा निधी स्वतंत्र ठेवावा. साथ आली की बाजारातील रोजंदारीच्या माणसांना पहिल्या पंधरा दिवसांचे धान्य त्यातून मिळावे. धान्य आपल्याजवळ आहे, त्याची पोती आपल्याला विकत आणावयाची नाहीत.

आणखी एक लहान गोष्ट सांगून थांबतो. आमच्या गादीवर उजव्या हातास आता मुनीमजींचा मुलगा बसतो. तो पदवीधर आहे, हिशेब यंत्रावर ठेवतो. गेल्या हिवाळ्यात एके सकाळी त्याचा निरोप आला, ‘‘काका, अंगात ताप आहे, आज येत नाही.’’ घाऊक खरेदीचा दिवस होता, गिऱ्हाइके दारात उभी होती आणि आमची धांदल उडाली. तरीपण तो निरोप ऐकून आमच्या मनास जे समाधान वाटले ते कोणत्याही तेजीच्या सौद्याने आजवर वाटले नाही. आम्ही त्याला उलट कळविले, ‘‘बरे वाटेपर्यंत येऊ नकोस. वही आम्ही लिहितो.’’

त्या दिवसाची रोजकीर्द आमच्या हातची आहे. अक्षर वाईट आहे, पण जमाखर्च जुळलेला आहे.

जय जिनेंद्र.